खंडे नवमीचा रणगाडा

चमकणाऱ्या वस्तूंचा मला राग येतो. आधी थोडा यायचा, गेल्या दसऱ्यापासून जरा जास्तच येतो. आमच्या बनारसमध्ये सध्या जे हाताला लागेल ते चकचकीत करायची टूम आहे. घाटाला बांधून ठेवलेल्या म्हाताऱ्या होडीलासुद्धा कोणीतरी निळा-पिवळा ऑइलपेंट फासून जातो आणि वर म्हणतो, बघा, कशी नवी दिसते! अरे, ती नवी नाहीये. तिने लोकांच्या वराती वाहिल्या, लोकांच्या अस्थी वाहिल्या. तिला नवं दिसायची काय गरज पडली आहे? पण हे ऐकायला कोणाला वेळ नाही.

हे सगळं मी एका रणगाड्यावरून बोलते आहे. खऱ्या नव्हे. वीतभर लांबीच्या, प्लास्टिकच्या, मी स्वतः जोडलेल्या आणि रंगवलेल्या.

आमच्या घरात तीन माणसं. मी रेल्वेच्या कचेरीत नोकरीला आहे, पन्नाशी जवळ आली आहे आणि लग्न केलेलं नाही. शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत आम्ही राहतो. बाबांचे वडील, आजोबा, सगळे घाटावर यजमानांची पूजा सांगणारे. बाबांना पूजा सांगायची नव्हती. ते घरात कोणाला न विचारता फौजेत भरती झाले आणि रणगाड्याचे ड्रायव्हर झाले. आत्या त्यांची धाकटी बहीण. ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी परत आली, तेव्हापासून देवघर तिचं, स्वयंपाकघर तिचं आणि आम्ही दोघंही तिचेच.

बाबा एकाहत्तरच्या पूर्वेकडच्या लढाईत होते. एवढं एक वाक्य मला लहानपणापासून माहीत होतं आणि त्याच्यापुढे मला एक अक्षर माहीत नव्हतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील फौजेच्या कॅन्टीनमध्ये डाळ मोजायचे, पण त्यांच्या लढाईच्या गोष्टी ऐकायला गल्ली जमायची. आमच्याकडे रणगाडा चालवलेला माणूस बसलेला, आणि विचारलं की म्हणायचे, "गाडी चालवायचो. अजून काय?" आई होती तोवर तिनेही विचारून पाहिलं असणार. तिलाही तेच उत्तर मिळालं असणार.

छावणीकडे एका चौकात चौथऱ्यावर जुना रणगाडा ठेवलेला आहे. दरवर्षी त्याला हिरवागार चकचकीत रंग देतात, चाकांना चांदीचा रंग लावतात आणि लोक त्याच्या तोफेखाली उभं राहून फोटो काढतात. त्या बाजूला जायचं असलं की बाबा ऑटोवाल्याला आधीच सांगायचे, "उधर से नहीं, पीछे से लीजिए." मला वाटायचं, आपली जुनी गाडी आठवून त्यांना भरून येत असेल. मी कधी खोदून विचारलं नाही.

बाबांना आता ऐंशी जवळ आली. मला एकच हवं होतं, त्यांनी त्या लढाईतलं काहीतरी मला सांगावं. सगळं नको. पण त्यांच्याबरोबरच सगळं निघून जाईल आणि मला फक्त "गाडी चालवायचो" एवढंच उरेल, ही कल्पना मला सहन होत नव्हती. विचारून माणूस बोलत नसेल तर त्याच्या पुढ्यात त्याची गाडी आणून ठेवावी, असं माझ्या मनाने घेतलं. म्हणून मी ते खोकं मागवलं. पेन्शनच्या कागदांवरून शोधलेला, बाबा चालवायचे त्याच जातीचा रणगाडा, शेकडो तुकड्यांत, कापायचा, घासायचा आणि चिकटवायचा.

रंग घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, "बेटे के लिए ले रही हैं?" मी म्हटलं, माझ्यासाठी. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाळणा मागितला होता. कचेरीतही तेच. मी अर्धा झालेला रणगाडा एकदा डब्यात घालून नेला, तर शेजारच्या टेबलावरचे बाबू सगळ्यांना बोलावून दाखवायला लागले. "मॅडम टैंक बनाती हैं!" हिरवा रंग बसला तेव्हा वा वा झाली. पुढे मी तो मळवायला घेतला, तेव्हा तेच बाबू तोंड वाकडं करून म्हणाले, "इतना अच्छा बना था, गंदा क्यों कर दिया?"

यांना काय सांगायचं? रणगाडा जोडणं सोपं आहे, रंगवणंही सोपं आहे. खरं काम त्यानंतरचं, तो मळवण्याचं. गाडी नुसती उभी राहिली नव्हती, ती कुठून तरी चालत आली आहे, हे दिसायला हवं. काळा रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सांध्यासांध्यांत सोडायचा. भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा तपकिरी रंगात बुडवून कडा टिपायच्या, म्हणजे जिथे बूट घासतात तिथला रंग उडाल्यासारखा दिसतो. धुराड्याला मी निरांजनाची काजळी लावली. गंजासाठी आमचा जुना लोखंडी तवा खरवडला आणि ती पूड एका डबीत भरून ठेवली. हे सगळं कपाळावर आठ्या न घालता पाहणारी एकच व्यक्ती घरात होती, आणि ती आत्या नव्हती.

चिखलाची गोष्ट मात्र वेगळी झाली. लढाई म्हटली की वाळू, असं माझ्या डोक्यात. म्हणून पलीकडच्या रामनगरच्या काठावरची वाळू आणली, पांढऱ्या गोंदात कालवली आणि एका बाजूच्या चाकांवर लावली. त्याआधी नुसता हिरवा रणगाडा दाखवला होता तेव्हा बाबा "छान झालाय" म्हणाले होते, शेजाऱ्यांनी पाठवलेल्या लाडवाला म्हणतात त्या सुरात. या वेळी त्यांनी तो हातात घेतला. चष्मा कपाळावर सरकवला, अंगठ्याने ती वाळू चाचपली आणि म्हणाले, "आम्ही वाळूत नव्हतो."

मी ब्रश खाली ठेवला. माझ्या आयुष्यात त्यांनी त्या लढाईबद्दल आपणहून काढलेलं ते पहिलं वाक्य होतं. ते वाळूबद्दल असो नाहीतर कशाबद्दलही असो, मला चाललं असतं.

पूर नुकताच ओसरला होता. घाटाच्या पायऱ्यांवर हातभर गाळ बसला होता आणि पंप लावून तो धुवायचं काम सुरू होतं. पंपवाल्यांच्या आधी मी एक डबा भरून आणला. गाळ वाळवला, कुटला, आणि बारीक गाळायला घरात मिळालं ते मलमलचं फडकं घेतलं. ते श्रीखंडाचा चक्का बांधायचं फडकं निघालं. त्यावरून आत्याने जे काही ऐकवलं ते मी लिहीत नाही. "घाटाचा कीचड माझ्या फडक्यातून? तू तर हदच केलीस!" हे त्यातलं सर्वांत सौम्य.

पण तो गाळ बाबांनी चिमटीत घेऊन चोळला आणि मान हलवली. "हीच. नदी खाली पूर्वेकडे जाते तिथे हीच माती पसरते. भाताची शेतं हिच्यावरच." मग तेच जवळ बसले. "चेनच्या आत इतकी नको, ती चालताना झडते. वरच्या कव्हरखाली ठोस. तिथे दगडासारखी होते, सब्बल मारून काढावी लागते." रणगाड्याच्या पट्ट्यांना ते चेन म्हणायचे आणि रणगाड्याला फक्त गाडी. रोज मी कचेरीतून आले की आम्ही दोघं खिडकीपाशी बसायचो. ते बोट दाखवायचे आणि मी लावायचे. एका बाजूचा दिवा फुटलेला असायचा. मागच्या पिंपाला दोरी बांधलेली असायची. खोगीर घातल्यासारखी वर एक मळकी ताडपत्री असायची. वस्तूंबद्दल ते बोलायला लागले होते. माणसांबद्दल अजून एक शब्द नव्हता, पण मी घाई केली नाही.

नवरात्रातल्या सप्तमीच्या संध्याकाळी मी म्हटलं, "झाला का आता पुरा?" बाबांनी तो वर उचलला, खिडकीच्या उजेडात फिरवला. वरचा फिरणारा भाग, त्याला ते टरेट म्हणतात, त्याच्या डाव्या अंगावर त्यांचं बोट थांबलं.

"इथे अजून एक राहिलंय."

"काय?"

त्यांनी गाडी खाली ठेवली. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला, आणि म्हणाले, "उद्या सांगतो."

त्यांच्या आवाजावरून मला कळलं की हे दोरीचं नाही आणि ताडपत्रीचंही नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी काय केलं ते मला विचारू नका. सुटले तशी धावत सुटले. घरात शिरून टेबलाकडे गेले तर टेबल रिकामं. बाबा घाटावर फिरायला गेलेले. वर गच्चीतून आत्याचा आवाज आला, "इकडे आहे गं तुझी गाडी!"

गच्चीत वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्याच्यावर तारेची मोठी टोपली पालथी घातलेली. आमच्याकडे गच्चीत काही वाळत घालायचं तर माकडांपायी टोपली लागतेच. आत्याने ती मोठ्या ऐटीत उचलली.

रणगाडा चमकत होता.

चिखल नाही, काजळी नाही, धूळ नाही. रिठ्याच्या पाण्यात भिजत घालून, जुन्या टूथब्रशने कोपरा न् कोपरा घासून तिने तो काढला होता. ताडपत्री सुटली होती, ती वेगळी, इस्त्री केल्यासारखी वाळत होती. आणि एवढ्यावर ती थांबली नव्हती. वर खोबरेल तेलाचा हात फिरवला होता. छावणीच्या चौकातला तो रणगाडा कोणीतरी लहान करून आमच्या गच्चीत आणून ठेवला आहे असं मला वाटलं.

"कशी निघाली बघ! एकदम चकाचक," आत्या म्हणाली.

इथे परक्या माणसासाठी सांगायला हवं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडे नवमीला, आमच्याकडे शस्त्रांची पूजा असते. पूजा सांगणाऱ्यांच्या घरात शस्त्रं कुठून यायची? म्हणून आत्या दरवर्षी पाटावर विळी मांडते, सुरी, कात्री आणि अडकित्ता मांडते, माझ्या स्कुटीची किल्ली ठेवते. अष्टमीला सगळं घासून, तेल लावून ठेवायचं, कारण मळकं शस्त्र पूजेला चालत नाही. विळीवर एक डाग राहिला तरी ती परत घासायला बसते. आणि फौजेतून आलेला तिचा भाऊ त्या पूजेच्या वेळी दरवर्षी नेमका फिरायला निघून जातो, हे तिचं जुनं दुःख. यंदा घरात पहिल्यांदा खरंखुरं शस्त्र होतं, तेही भावाचं.

हे सगळं मला आत्ता लिहिताना समजतं आहे. तेव्हा मला काहीही समजून घ्यायचं नव्हतं.

"कोणी सांगितलं होतं तुला?" मी ओरडले. "मला विचारायचं नाही? महिनाभर बसून मी ते लावत होते! तुझ्या डोळ्यांसमोर!"

"अगं, पण पूजा आहे उद्या. मळकी गाडी ठेवू पाटावर?"

"मळकीच असते ती! ती मळवली होती मी! मुद्दाम!"

"मुद्दाम कोण मळवतं?" आत्याही आता पेटली. "घासून घासून माझी बोटं दुखली. तारीफ करायची सोडून उलटी माझ्यावरच डाफरतेस. मी काय गलत केलं? आणि तुझी ती माती मी फेकली नाही, सांगून ठेवते. गंगेची माती आहे, नालीत कशी टाकू? तुळशीत घातली."

तुळशीत घातली! जणू माझ्यावर उपकार केले. मी तिला म्हटलं की तुझ्या हाताला जे लागेल ते तू धुतेस, एक दिवस आम्हालाही रिठ्यात भिजत घालशील. अजूनही बरंच म्हटलं. तिने पदर खोचला आणि जशास तसं ऐकवलं. माझं खरं दुखणं वेगळंच होतं. ज्या चिखलाचा हात धरून बाबा इथवर आले होते तो चिखलच गेला होता. टरेटच्या डाव्या अंगावर बोट ठेवून ते थांबले होते, ती जागा आता आरशासारखी गुळगुळीत होती. हे बघून ते "छान झालाय" म्हणतील आणि चहा मागतील, आणि मग कधीच सांगणार नाहीत, याची मला खात्री होती.

आमचा आवाज ऐकून बाबा जिना चढून वर आले. छातीवर हात ठेवून दारात उभे राहिले, धाप लागली होती. मग त्यांची नजर खाली गेली.

ते चहा म्हणाले नाहीत. पुढे येऊन वाकले, गाडी उचलली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला तेल लागलं. ते तेल त्यांनी नाकाजवळ नेऊन हुंगलं.

"तेल पण दिलंस?" ते आत्याला म्हणाले.

"शस्त्राला देतातच की, दादा. चमकावं म्हणून."

"चमकावं म्हणून!" बाबा ओरडले. मी त्यांना ओरडताना कधीच ऐकलं नव्हतं. शेजारच्या गच्चीवरची माकडं उठून पळाली. "त्यांना पण चमकायलाच हवी होती! सुबह तक गाडी चमकनी चाहिए! अरे, एक दिवस थांबलं असतं तर काय जात होतं तुमच्या बापाचं?"

आत्या पांढरी पडली. तिला वाटलं बाप तिचा काढला. पण बाबा तिच्याकडे बघतच नव्हते. ते समोर नदीकडे तोंड करून दुसऱ्याच कोणाला तरी बोलत होते. मी त्यांना कट्ट्यावर बसवलं. गाडी त्यांनी हातातून सोडली नाही.

मग त्यांनी सांगितलं. मधूनमधून थांबत, रागाने सांगितलं.

"आमच्यात एक सातारकडचा होता. तोफेत गोळा भरायचा. आमच्या तुकडीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. माझं मराठी ऐकून हसायचा. म्हणायचा, तू मराठी बोलतोस का हिंदीला फेटा बांधतोस? एका सकाळी भाताच्या शेतात गाडी फसली. तो झाकण उघडून वर निघाला, चेन किती रुतली ते बघायला. गोळा बाजूलाच येऊन फुटला. तो आत नाही पडला, बाहेर पडला. टरेटच्या डाव्या अंगावरून घसरत खाली. मी पुढच्या झाकणातून निघालो आणि त्याला उतरवला. काही बोलला नाही तो. काही उरलंच नव्हतं बोलायला."

आत्याने तोंडावर पदर धरला.

"संध्याकाळी गाडी मागे आणली. वरून ऑर्डर आली, उद्या कोणी मोठे लोक येतायत, फोटो निघणार, गाडी चमकनी चाहिए. गाडी साफ ठेवणं ड्रायव्हरचं काम. मी बोललो, साहेब, आजचा दिवस राहू द्या. त्याचं आहे ते सगळं, डाव्या बाजूला. साहेब बोलले, ऑर्डर है. मग मी तळ्यातून बालटीने पाणी आणलं. आधी चिखल गेला. मग ते गेलं. मग तेलाचं फडकं फिरवलं वरून. सकाळी लोक आले आणि हार घातला. कोणाला? गाडीला!"

 मी पाणी पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही.

"सुट्टीत मी त्याच्या गावी गेलो होतो. त्याच्या आईने विचारलं, काही राहिलंय का त्याचं? मी बोललो, नाही. राहिलं होतं ते मीच धुतलं होतं, बालटीने. हे कसं सांगणार होतो तिला?"

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला इतका संताप आला की मी गच्चीत येरझारा घालायला लागले. कोण होते ते मोठे लोक? त्यांना चिखलाचा रणगाडा दिसला असता तर त्यांचे डोळे विटाळले असते का? लढाईतून आलेली गाडी लढाईतून आल्यासारखी दिसली तर त्यांच्या फोटोचं काय बिघडत होतं? आपल्या सोबत्याला हाताने उतरवलेल्या माणसाला त्याच संध्याकाळी बादली घेऊन उभं करायचं, ही अक्कल कुठल्या डोक्यातून निघते? आणि तो माणूस घरी येतो, पेन्शन घेतो, म्हातारा होतो, आणि छावणीच्या चौकातून जायचं नको म्हणून ऑटो लांबून नेतो. तिथे दरवर्षी कोणीतरी चाकांना चांदीचा रंग देत असतं. आजही देतात. आजही लोक फोटो काढतात. 

आत्या कधी उठून गेली ते मला कळलं नाही. ती आली तेव्हा तिच्या हातात परात होती. तुळशीच्या वृंदावनातली वरची माती तिने हाताने खरवडून काढली होती, काड्या-मंजिऱ्या वेचून टाकल्या होत्या. परातीत तेच चक्क्याचं फडकं होतं, स्वच्छ धुतलेलं.

"घे," ती मला म्हणाली. "गाळून घे यातून."

बाबांनी साबण मागितला. तेल त्यांनी स्वतः काढलं, गरम पाण्यात फडकं पिळून, एका एका पत्र्यावरून. मला हात लावू दिला नाही. कोरडी झाल्यावर गाडी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "लाव."

आम्ही तिघं खिडकीपाशी बसलो. माती कालवायला आत्या, लावायला मी. काजळीसाठी तिने देव्हाऱ्यातलं निरांजनच उचलून आणलं, आपणहून. कव्हरखाली चिखल ठोसला, चेनमधला झाडला, पिंपाला दोरी बांधली. आता हात बसला होता, महिन्याचं काम जेवणाच्या आत उरकलं. डावं अंग मी मोकळं ठेवलं. तपकिरीत थोडा लाल कालवून ब्रश बाबांच्या हातात द्यायला गेले, तर त्यांनी मान हलवली.

"लाल नको. वाळल्यावर लाल राहत नाही. तुझ्या त्या तव्याच्या गंजाची डबी दे."

त्यांनी अंगठा ओला केला, डबीत बुडवला आणि टरेटच्या डाव्या अंगावरून खाली, चेनच्या कव्हरपर्यंत, एकदाच ओढला. सावकाश ओढला. मग ती गाडी उजेडात धरून खूप वेळ बघितली.

"हां," ते म्हणाले. "ही माझी गाडी."

सकाळी आत्याने पाट मांडला. विळी, सुरी, कात्री, अडकित्ता, सगळं घासूनपुसून लखलखीत. त्या सगळ्यांच्या मधोमध तिने तो चिखलाचा रणगाडा ठेवला, आणि मी काही बोलण्याआधीच म्हणाली, "राहू दे तसाच." बाबा दरवर्षी या वेळी फिरायला निघतात. या वर्षी ते धोतर नेसून पाटासमोर येऊन बसले.

आत्याने एकेकाला हळद-कुंकू वाहिलं. विळीला, सुरीला, कात्रीला, माझ्या स्कुटीच्या किल्लीला. मग कुंकवाचं बोट रणगाड्यापाशी नेलं आणि तिथेच थांबली. डाव्या बाजूकडे बघत राहिली.

"याला लागलंय आधीच," ती म्हणाली, आणि बोट पदराला पुसलं.